बॅटरीवरचे आकडे आपणही वाचू या

वसईजवळच्या माणिकपूरहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आज आपला विषय आहे गाडीची बॅटरी. ऐकून कुणी म्हणेल, हा तर पुरुषांचा, गॅरेजवाल्यांचा विषय. पण जरा विचार करा. टेम्पोचा हप्ता आपण भरतो. डिझेलचा हिशेब आपल्या वहीत असतो. मग बॅटरी बदलायची वेळ आली की तेवढ्यापुरतं आपण बाजूला का उभं राहायचं?

आमचं माणिकपूर आता वसई-विरार महापालिकेत आहे. स्टेशनकडे बघितलं तर इमारतीच इमारती. पण आजूबाजूच्या गावांत अजून वाड्या आहेत. केळी आहेत, मोगरा आहे, तांबडी भाजी, अळू, शेवगा आहे. हा माल पहाटे बाजारात पोचला तरच त्याला भाव. मोगऱ्याची कळी कुणासाठी थांबत नाही, उशीर झाला की भाव उतरतो. अशा वेळी पहाटे तीन वाजता टेम्पोने नुसतं कट-कट केलं आणि गाडी चालूच झाली नाही, तर त्या दिवसाची सगळ्यांची कमाई गेली. म्हणून हा विषय आपलाच आहे.

आधी बघू या, बॅटरीचं काम काय. गाडी चालते डिझेलवर, पेट्रोलवर किंवा गॅसवर. पण इंजिन आपोआप सुरू होत नाही, कुणीतरी ते पहिल्यांदा फिरवावं लागतं. जुन्या जीपला, अँबेसेडरला पुढून लोखंडी हँडल घालून फिरवायचे, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती सांगतील. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर बसवला गेला. तेव्हापासून हँडल मारायला ताकदवान गडी लागेनासा झाला. बाईमाणूसही एकटीने गाडी चालू करून निघू शकली. आज आपण त्यालाच ‘सेल्फ मारणं’ म्हणतो. हा सेल्फ फिरवायची ताकद बॅटरी देते. ती संपली की मग आपलं ठरलेलं : चार जणांना हाका मारा आणि ‘दे धक्का’.

आता बॅटरीच्या आत काय असतं? वीज ‘साठवून’ ठेवलेली असते असं आपण म्हणतो. पण डब्यात तांदूळ ठेवावेत तशी ती नसते. साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या जाळीदार पट्ट्या उभ्या लावलेल्या असतात, त्यांना प्लेट म्हणतात. एक प्लेट राखाडी शिशाची, तिच्या शेजारची तपकिरी रंगाची, शिशाच्या ऑक्साइडची. दोन प्लेटा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये पातळ पडदा. आणि सगळ्या प्लेटा बुडलेल्या असतात पाणी घातलेल्या गंधकाच्या अ‍ॅसिडमध्ये. ही युक्ती फार जुनी आहे. १८५९ साली फ्रान्समध्ये गॅस्तों प्लांते यांनी अशी पहिली बॅटरी बनवली. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं झाली, तरी मूळ रचना तीच आहे.

आपण सेल्फ मारला की अ‍ॅसिडातलं गंधकाचं द्रव्य दोन्ही प्लेटांवर जाऊन बसतं आणि त्या क्रियेतून वीज बाहेर पडते. वीज वापरू तसं अ‍ॅसिड पातळ होत जातं, पाण्यासारखं. गाडी चालू झाली की इंजिनाबरोबर पट्ट्यावर फिरणारं एक यंत्र वीज तयार करतं. त्याला अल्टरनेटर म्हणतात, काही जण अजून डायनमोच म्हणतात. त्याची वीज उलट्या दिशेने बॅटरीत जाते. प्लेटांवर बसलेलं द्रव्य परत अ‍ॅसिडात उतरतं आणि बॅटरी पुन्हा भरते. म्हणजे आपल्या गटासारखंच झालं. कर्ज उचललं, परत भरलं, पुन्हा उचलता येतं. पण उचललं आणि तसंच ठेवलं तर? बॅटरी रिकामी होऊन आठवडेच्या आठवडे पडली तर प्लेटांवरचं ते द्रव्य कडक होऊन बसतं, खडे धरतं. मग कितीही चार्ज करा, ते पूर्ण सुटत नाही. बंद पडून राहिलेल्या गाडीची बॅटरी जाते ती अशी.

आता येऊ या आकड्यांकडे. बॅटरीवर जे चिकटवलेलं असतं ते नुसतं कंपनीचं नाव नसतं, ते तिचं पासबुक असतं. त्यातले तीन आकडे आपल्याला वाचता आले पाहिजेत.

पहिला आकडा व्होल्टचा. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. गच्चीवरची टाकी जितकी उंच, तितका खालच्या नळाला दाब जास्त, तसं हे. प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो. सहा कप्पे एकापुढे एक जोडले की १२.६ व्होल्ट होतात. म्हणून आपण जिला बारा व्होल्टची म्हणतो ती बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.६ दाखवते. हा १२.६ लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दुसरा आकडा एएचचा. ए म्हणजे अँपियर, एच म्हणजे तास. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची, तर अँपियर म्हणजे नळातून वाहणारी धार आणि एएच म्हणजे टाकीत एकूण पाणी किती. बॅटरीवर ३५ एएच लिहिलंय, याचा अर्थ ३५ अँपियर वीज एक तास मिळेल असा घेऊ नका. गाडीच्या बॅटरीचा हा आकडा सहसा वीस तासांच्या हिशेबाने काढतात. ३५ ला वीसने भागा : पावणेदोन अँपियर वीज ती वीस तास देईल. तीच वीज धबाधबा काढली तर एकूणसुद्धा कमी मिळते. बादलीतलं पाणी हळू काढलं काय आणि भसकन काढलं काय, पाणी तेवढंच असतं. बॅटरीचं तसं नाही, ती घाई करणाऱ्याला कमी देते.

तिसरा आकडा सीसीएचा. काही बॅटऱ्यांवर तो ठळक असतो, काहींवर बारीक अक्षरांत. अतिशय थंडीत, म्हणजे शून्याखाली १८ अंशांवर बॅटरी एका दमात किती अँपियर धार देऊ शकते आणि ती अर्धा मिनिट टिकवू शकते, ते हा आकडा सांगतो. छोट्या गाडीच्या बॅटरीवर तो ३०० च्या आसपास दिसेल. आता तुम्ही म्हणाल, वसईत कुठे एवढी थंडी? बरोबर आहे. पण दोन बॅटऱ्या शेजारी ठेवून कुणाचा झटका मोठा हे बघायला तो उपयोगी पडतो. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो, म्हणून सगळ्यात कठीण परीक्षेतले मार्क छापतात, एवढंच.

एएच आणि सीसीए यांत नेमका फरक काय, तो एका हिशेबाने बघू या. वही-पेन असेल तर घ्या. छोटी गाडी सेल्फ मारताना साधारण १५० अँपियर ओढते. घरातल्या मोठ्या प्लगची मर्यादा १६ अँपियरची असते, यावरून ही धार किती मोठी ते कळेल. पण ती लागते फक्त तीन सेकंद. दीडशे गुणिले तीन, आणि त्याला तासाच्या ३६०० सेकंदांनी भागलं, तर उत्तर येतं एक अष्टमांश एएच. म्हणजे पस्तीसातला आठवा भागही नाही, एकातला आठवा भाग. गाडी चालू करायला वीज इतकी थोडी लागते, पण एकदम लागते. पाणी तांब्याभरच, पण फेकायचं जोरात. डिझेल इंजिन फिरवायला जास्त जड असतं, म्हणून छोट्या हत्तीसारख्या डिझेल टेम्पोला पेट्रोलच्या गाडीपेक्षा मोठा झटका लागतो.

आता उलटा हिशेब. रात्री केबिनमधला पाच वॅटचा छोटा दिवा चालू राहिला. पाच भागिले बारा, म्हणजे अर्ध्या अँपियरहूनही कमी. दहा तासांत गेले सुमारे चार एएच. तीसहून जास्त वेळा गाडी चालू करता येईल एवढी वीज एक इवलासा दिवा रात्रीत पिऊन गेला. आणि पुढचे मोठे दिवे चालू राहिले तर? दोन दिवे साठ-साठ वॅटचे धरले, तर दहा अँपियर. ३५ एएचची बॅटरी तीन तासांच्या आतच गाडी चालू न होण्याइतकी उतरते. म्हणून गाडीतून उतरताना दिवे, पंखा, रेडिओ, चार्जर एकदा हात लावून बघायचे. रेडिओवरूनच आम्ही हे सांगतोय, पण सांगायला हवं.

या तीन आकड्यांशिवाय एक सांकेतिक नाव असतं, उदाहरणार्थ ३८ बी २० एल. त्यात पहिले दोन आकडे ताकदीची पायरी सांगतात. बी म्हणजे रुंदी-उंचीचा ठरलेला साचा. २० म्हणजे लांबी सुमारे २० सेंटीमीटर. आणि शेवटचं एल किंवा आर हे अधिकचं टर्मिनल कोणत्या बाजूला आहे ते सांगतं. बाजू चुकली तर वायर पोचत नाही, किंवा ओढून-ताणून उलटी लागते आणि गाडीतली यंत्रं जळतात. त्यामुळे जुनी आणि नवी बॅटरी शेजारी ठेवून चिन्हं जुळवून बघायची. गाडीच्या पुस्तकात कोणती बॅटरी लागते ते छापलेलं असतं. ते पान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

आता आमच्या गटाचा अनुभव सांगतो. मागच्या एका पावसाळ्यात आमचा टेम्पो पुन्हा पुन्हा बंद पडायला लागला. एका गॅरेजमध्ये सांगितलं, बॅटरी गेली, आणि आता मोठ्या एएचची घ्या म्हणजे कटकट मिटेल. आम्ही म्हटलं, आधी मोजून दाखवा. तिथे मोजायला कुणी तयार नव्हतं. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी आयटीआयला शिकते, ती मल्टिमीटर घेऊन आली. तीन-चारशे रुपयांत मिळणारं ते साधं यंत्र. त्याची लाल सुई अधिकवर, काळी सुई उणेवर ठेवली. गाडी बंद असताना आकडा आला १२.१. म्हणजे बॅटरी अर्धीच भरलेली. मग गाडीला धक्का मारून ती चालू केली आणि पुन्हा मोजलं. आता १४ च्या आसपास यायला हवा होता, आला १२.२. म्हणजे बॅटरीत वीज भरलीच जात नव्हती. अल्टरनेटरचा पट्टा सैल पडला होता. पट्टा बदलला, बॅटरी बाहेर काढून रात्रभर हळू चार्ज केली, आणि तीच बॅटरी पुढे दीड वर्ष चालली. मोठी बॅटरी घेतली असती तर काय झालं असतं? तीही काही दिवसांनी रिकामी झाली असती. नळालाच पाणी नसेल तर मोठं पिंप आणून उपयोग काय?

तेव्हापासून आमच्या वहीत चार ओळी लिहिलेल्या आहेत. तुम्हीही लिहून घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, चालू करण्याआधी मोजायचं. १२.६ किंवा थोडं जास्त : पूर्ण भरलेली. १२.४ : पाऊण भरलेली. १२.२ : अर्धी. १२ किंवा त्याखाली : लगेच चार्ज करा. मग सेल्फ मारताना दुसऱ्या कुणीतरी आकड्याकडे बघायचं. भरलेली बॅटरी असून आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरीच म्हातारी झाली आहे. आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या मध्ये आकडा हवा. तिथे कमी आला तर दोष भरणाऱ्या यंत्रणेत, फार जास्त आला तरी दोष तिथेच. एवढं मोजल्याशिवाय नव्या बॅटरीसाठी गटाचा पैसा काढायचा नाही, असं आम्ही ठरवलं आहे.

आता एक प्रश्न बऱ्याच जणी विचारतात. गाडीची जुनी बॅटरी घरच्या इन्व्हर्टरला लावली तर? शिलाई केंद्रात, मसाला केंद्रात वीज गेली की काम थांबतं, म्हणून हा मोह होतो. २०१८ च्या जुलैत वसईत पाणी भरलं होतं, कित्येक भागांत वीज बंद होती, तेव्हा मोबाइल चार्ज करायला लोकांनी मिळेल ते साधन वापरलं. अडचणीला एखाद वेळ ठीक. पण रोजच्या वापराला नाही. कारण दोन्ही बॅटऱ्या दिसायला बहिणी असल्या तरी स्वभाव वेगळा. गाडीच्या बॅटरीत पातळ प्लेटा खूप असतात, ती क्षणभर जोर लावते आणि लगेच पुन्हा भरून घेते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत प्लेटा जाड किंवा नळीच्या आकाराच्या असतात, तिलाच ट्युब्युलर म्हणतात. ती तासन्‌तास थोडी थोडी वीज देत खाली जाते आणि पुन्हा वर येते. गाडीच्या बॅटरीला असं पुन्हा पुन्हा पार रिकामं केलं तर थोड्याच फेऱ्यांत ती कामातून जाते.

इन्व्हर्टरच्या बॅटरीचा हिशेबही आपणच करायचा. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॅट-तास. हे कागदावरचं. इन्व्हर्टरमध्येही थोडी वीज वाया जाते आणि बॅटरी तळापर्यंत खरवडायची नसते. म्हणून ३०० वॅटचा भार असेल तर सहा तास न धरता चार तास धरा. आणि घेताना बघा, एएचच्या पुढे सी १० लिहिलंय की सी २०. सी १० म्हणजे दहा तासांच्या हिशेबाने मोजलेली, सी २० म्हणजे वीस तासांच्या. घाई करणाऱ्याला बॅटरी कमी देते, हे आपण मघाशी बघितलं. त्यामुळे दहा तासांत १५० देणारी बॅटरी वीस तासांत १५० देणारीपेक्षा दमदार. सोलरसाठी सहसा सी १० देतात. दोन दुकानांचे भाव लावताना हे जुळतंय का ते बघा, नाहीतर आंब्याचा भाव कैरीला लावल्यासारखं होईल.

आता निगा. आपल्या भागात बॅटरीचे दोन वैरी आहेत, ऊन आणि खारी हवा. उन्हाने आतलं पाणी उडतं आणि प्लेटा लवकर झिजतात. थंडीत बॅटरी दमते, पण उन्हात ती लवकर म्हातारी होते. साधारण तीन ते पाच वर्षं तिचं आयुष्य धरा. गाडी सावलीत लावता आली तर तेवढं आयुष्य वाढेल. खाऱ्या, दमट हवेने आणि आतून झिरपणाऱ्या अ‍ॅसिडाच्या वाफेने टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा धरतो. तो वीज अडवतो. बॅटरी भरलेली, पण गाडी चालू होत नाही, असं असेल तर आधी तिथे बघा. साफ करताना गाडी बंद करायची, आधी काळी वायर म्हणजे उणे काढायची, मग लाल. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशने घासायचं, सोडा आत जाऊ द्यायचा नाही. पुसून कोरडं करून वायर घट्ट बसवायची, या वेळी आधी लाल, शेवटी काळी. वरून थोडं व्हॅसलीन किंवा ग्रीस लावायचं.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर महिन्याने पाणी बघा. खालच्या आणि वरच्या रेघेच्या मध्ये हवं. कमी असेल तर फक्त बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर घालायचं. विहिरीचं नको, नळाचं नको, टँकरचं तर नकोच, आणि फिल्टरचंही नको. पाण्यातले क्षार प्लेटा खराब करतात. अ‍ॅसिड आपण कधीही घालायचं नाही. उडतं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं. पूर्ण बंद बॅटरी असेल तर ती उघडायला जायचं नाही. आणि गाडी उभीच असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवून आणा. महामार्गावरच्या कोंडीत दिवे, पंखा, वायपर सगळं चालू ठेवून तासभर रांगत गेलो तर बॅटरी नीट भरत नाही, हेही ध्यानात ठेवा.

सुरक्षेचं आता नीट ऐका. बारा व्होल्टचा आपल्याला झटका बसत नाही, म्हणून लोक बेफिकीर होतात. पण दोन टर्मिनलांना एकाच वेळी धातू टेकला तर शेकडो अँपियरची धार त्यातून जाते आणि तो धातू क्षणात लाल होतो. म्हणून काम करताना सोन्याच्या, पितळेच्या बांगड्या आणि अंगठ्या काढून ठेवा. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत, पदर खोचलेला, केस बांधलेले. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीने पेटतो. दसऱ्याला गाडीची पूजा जरूर करा, पण उदबत्ती, निरांजन बॅटरीपासून लांब. इन्व्हर्टर देवघराखाली किंवा गॅसजवळ ठेवू नका, हवा खेळेल अशा जागी ठेवा. अ‍ॅसिड अंगावर पडलं तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं पाण्याची धार सोडत राहा आणि डॉक्टरांकडे जा. पुरात बुडालेल्या गाडीचा सेल्फ मारून बघू नका, आधी मेकॅनिककडून तपासून घ्या.

आता खरेदी. दुकानात गटातल्या दोघी जा. गाडीच्या पुस्तकातलं पान दाखवा. एएच आणि सीसीए त्याहून कमी घेऊ नका, स्वस्त पडली तरी. थोडी जास्त चालते, पण ती जागेत नीट बसली पाहिजे आणि पट्टीने आवळली गेली पाहिजे. बनवल्याची तारीख विचारा. दुकानात पडून पडून बॅटरी हळूहळू उतरते, म्हणून ताजी मागा आणि तिथेच व्होल्ट मोजून घ्या. वॉरंटीचा आकडा फोडून विचारा. ३६ महिने म्हटलं तर कित्येकदा त्यातले १८ महिने मोफत बदल आणि पुढचे १८ महिने फक्त किमतीत सूट असते. दोन्ही एकच नव्हे. कार्डावर शिक्का, तारीख, बॅटरीचा नंबर आणि पक्कं बिल घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

शेवटची गोष्ट जुन्या बॅटरीची, आणि ती आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बॅटरीच्या वजनात अर्ध्याहून जास्त शिसं असतं. ते पुन्हा वापरता येतं, म्हणून जुन्या बॅटरीला किंमत आहे. नवी घेताना जुनी देऊन किती, न देता किती, असे दोन भाव विचारा. केंद्र सरकारचे २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम सांगतात की जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांचा नीट पुनर्वापर करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. म्हणून ती दुकानातच परत द्या. दहा-वीस रुपये जास्त मिळतात म्हणून फोडणाऱ्याला देऊ नका. तो अ‍ॅसिड गटारात ओततो, ते विहिरीपर्यंत जातं. आणि जाळ्याला गोळे करायला किंवा आणखी कशाला शिसं घरच्या चुलीवर वितळवू नका. शिशाची वाफ आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. मुलांचं शिकणं, लक्ष लागणं यावर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. पोटुशी बाईलाही ते घातक आहे. लहान मुलांसाठी शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण ज्या लेकरांसाठी पहाटे टेम्पो भरतो, त्यांच्याच अंगात हे विष जायला नको.

तर मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीला एक काम करा. बैठक संपल्यावर गाडीचं बॉनेट किंवा सीट उघडून सगळ्या जणींनी बॅटरी बघा. व्होल्ट किती, एएच किती, सीसीए किती, बनवल्याची तारीख कोणती, वॉरंटी कधी संपते, हे पाच आकडे गटाच्या वहीत लिहा. ज्या जणी अंगठा उठवायच्या त्या आज पासबुक वाचतात, तर बॅटरी वाचणं काही अवघड नाही. आणि पुढच्या वेळी दुकानात कुणी म्हणालं, ताई, यातलं तुम्हाला काय कळणार, तर वाद घालू नका. मल्टिमीटर पुढे करा आणि म्हणा, दादा, आधी मोजून दाखवा.